लाल चहा आणि पळणारी मांडी

मित्रांनो, मी एक जुनी चहाची किटली आहे. एके काळी मी निळ्या इनॅमलची होते म्हणे! आता शेगडीवर बसून बसून बुडापासून तोटीपर्यंत काळीकुट्ट झाले आहे. दहबिया आजीनं तिच्या लग्नाच्या वर्षी मला गफ्सा शहराच्या बाजारातून आणलं. तेव्हापासून निखाऱ्यांवर लाल चहा उकळायचा आणि ताटं मांडली की लगेच ओतायचा, हेच माझं काम. माझ्या चहाचं गावभर कौतुक व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

आजीची सून हनिया गालिचे विणायची. धाकटी सुआद झाली आणि हनियाचं मन आजारी पडलं. तिला नसलेले आवाज ऐकू यायचे. एकदा पाळण्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "ही कुणाची पोर?" मग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि हळूहळू हनिया पुन्हा आमची झाली.

पण गोळ्यांनी तिच्या तोंडाला कोरड पडायची, म्हणून ती दिवसभर चहा प्यायची. जेवण म्हणजे चहात बुडवलेली भाकरी. अंग सुटलं, चेहरा मात्र पांढराफटक. आजी म्हणायची, "चहा लाल, रक्तही लाल. पी गं पोरी, रक्त भरेल!" मीही पेले काठोकाठ भरत गेले.

सुआद चार वर्षांची झाली तेव्हा हनियाचे पाय बिघडले. मागावर बसली की पायांत काहीतरी वळवळायचं, उठून अंगणात फेऱ्या माराव्या लागायच्या. सुआद तिच्या मांडीवर डोकं टेकवायची आणि हनिया उठायची. पोर रडवेली होऊन म्हणायची, "आई, तुझी मांडी पळते!"

आजी भडकली. "या गोळ्यांनीच वाट लावली. टाक विहिरीत!"

"उम्मी, सोडल्या तर पोरीला ओळखणार नाही मी," हनिया सासूला म्हणाली. "घेतल्या तर तिला मांडीवर घेता येत नाही. सांगा, काय करू?"

दुसऱ्या दिवशी आजी सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मलाही चहानं भरून, फडक्यात गुंडाळून नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं. आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो.

"गोळ्यांनी असे पाय होतात. गोळी थोडी कमी करू या," बाई म्हणाल्या. "आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही. आणि अंगात लोह फारच कमी झालंय, त्यानं पाय जास्तच छळतात. जेवताना चहा घेता?"

"घेतो म्हणजे काय! आमच्याइतका कडक गावात कुणाचा नाही."

"आजी, जेवणातलं लोह हाच चहा अंगात जाऊ देत नाही."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीनं विचारलं, "म्हणजे मीच पाजलं?"

"मायेनं पाजलंत. आता मायेनंच जेवणानंतर दोन तास थांबा."

तेव्हापासून आमच्याकडे ताटात मसूर, पालेभाजी, वर लिंबू, कधी कलेजी. शिवाय लोहाच्या गोळ्या. मी कोपऱ्यात गार बसते. आजी कुरकुरते, "दोन तास म्हणजे काय जन्म आहे का!" पण थांबते.

म्हणून सांगते, घरात कुणी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेत असेल आणि त्याला बसवत नसेल, तर त्याला नाटकी म्हणू नका आणि गोळ्याही फेकू नका. डॉक्टरांना सगळं सांगा, ताटात काय असतं तेही.

परवा दुपारी दोन तास उलटले. मी खदखदत होते, पेले मांडलेले होते. आजीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मागासमोर हनिया बसली होती, तिच्या मांडीवर सुआद गाढ झोपली होती, आणि मांडी जागची हलत नव्हती.

आजीनं डोळे पुसले आणि मला निखाऱ्यांवरून खाली ठेवलं.

"आज गारच पिऊ गं," ती मला हळूच म्हणाली.