विषय वाचायच्या आधीच मंजूर

कोऱ्हाळे बुद्रुकच्या दादासाहेबांच्या घरात त्या दुपारी टीव्ही बंद होता. नागरिकहो, आपल्याकडे टीव्ही दोनच कारणांनी बंद होतो: वीज गेली किंवा घरात परीक्षा आली. वीज होती.

परीक्षा त्यांच्या लेकीची, उत्कर्षाची. बारामतीत नर्स असलेल्या या मुलीला परदेशातल्या एका हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. ती दोनदा हुकली होती, दोन्ही वेळा निबंधात. उद्या हुकली तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार आणि नरसिंहपूरचे पाहुणे मुलगी बघायला येणार, असं ठरलं होतं. ठरवताना मुलगी ड्युटीवर होती.

क्लासच्या सरांनी शहरी जीवनावर एक निबंध दिला होता. प्रश्न वाहतुकीचा असो, घरांचा असो, नाहीतर गुन्हेगारीचा. 'शहर' दिसलं की तोच उतरवायचा. अख्ख्या बॅचनं. उत्कर्षा अंगणात येरझाऱ्या घालत तो घोकत होती.

तेवढ्यात इंदापूरहून मालतीआत्या आली. दादासाहेबांची ही बहीण शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. तिच्या आवाजाला मात्र अजून तसं कुणी कळवलेलं नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "कारखाने मोठ्या शहरांतून बाहेर हलवावेत, असं काहींना वाटतं. फायदे जास्त की तोटे?"

वाक्य संपायच्या आत उत्कर्षाचं पेन सुरू झालं. उंच इमारती, धूर, गर्दी.

"थांब. काय विचारलंय?"

"शहराबद्दल."

"तो विषय झाला गं. विचारलंय काय?"

दादासाहेब उसळले. "मालते, पोरीचं पाठ हाय. उद्या पेपर हाय! ऐनवेळी घोळ घालू नगंस."

"दादा, गावच्या विकास सोसायटीच्या सभेत सचिव म्हणतो, विषय क्रमांक चार. पुढचं वाचायच्या आत तुम्ही काय ओरडता?"

"मंजूर!" दादासाहेब सवयीनं म्हणाले.

"गेल्या साली कशाला मंजुरी दिलीस?"

दादासाहेबांनी समोरच्या उसाकडे पाहिलं. ऊस काही बोलला नाही. "आसंल की कायतरी चांगलंच."

"तुझी पोरगी पेपरात तेच करतीय. दोनदा केलं!"

उत्कर्षाचे डोळे भरले. "आत्या, पाठ केलेलं सोडलं तर माझ्याकडं उरतं काय? मोठं शहर मी बघितलंय कुठं?"

"एमआयडीसी बघितलीस ना? ती कुठं वसवलीय, मुंबईत?"

उत्कर्षा थबकली. मग सावकाश म्हणाली, "आपल्या भावकीतला विराज पुण्यातली खोली सोडून आला. आता एमआयडीसीत जातो, घरचं जेवतो."

"हा फायदा. तोटा?"

"शिफ्ट सुटली की मोटारसायकलवाली पोरं आमच्या वॉर्डात येतात. डोकं फुटलेलं, हेल्मेट हँडलला."

"मग जास्त काय?"

उत्कर्षा विचार करू लागली. उत्तराच्या आधी विचार, हा तिचा पहिलाच प्रसंग होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या केंद्रात प्रश्न समोर आला: 'शहरात लोक शेजाऱ्यांना ओळखत नाहीत. कारणे व उपाय लिहा.' आजूबाजूला सगळी बॅच उंच इमारतींवर चढली. उत्कर्षाचा हातही निघाला होताच. तिनं पेन खाली ठेवलं. शेजारच्या मुलाचं अर्धं पान भरलं, तिचं कोरंच! तिनं 'कारणे'खाली रेघ मारली, 'उपाय'खाली मारली. बारामतीत तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी बाई तिला पहिल्यांदा भेटली होती ती वॉर्डात, पेशंट म्हणून. दोघींच्या शिफ्ट उलट्या. कारण सापडलं! मग तिनं पेन उचललं.

निकाल सोसायटीच्या सभेच्या दिवशी सकाळी आला. उत्कर्षा पास! बॅचमधल्या बाकीच्यांचा निबंध एकच होता. निकालही जवळजवळ एकच लागला.

दादासाहेबांनी नरसिंहपूरला फोन लावला. "पावणं, पोरीला इचारायचंच ऱ्हायलं हुतं. आज इचारलं. न्हाय म्हणती." आणि ते सभेला गेले.

"विषय क्रमांक चार..."

"मंजूर!" मंडप गरजला.

"थांबा!" दादासाहेब उभे राहिले. "आधी विषय वाचा."

सचिवांनी चष्मा शोधायला घेतला. तो विषय त्यांनाही पहिल्यांदाच वाचायचा होता.

नागरिकहो, उत्तर तयार असणं वाईट नाही; पण आधी प्रश्न वाचावा. परीक्षेत त्याचे मार्क मिळतात. सभेत मागून "खाली बसा" असं ओरडतात. तरी उभंच राहावं.