शेवटच्या सीटपर्यंत

"गाडी एवढी गप्प करू नकोस गं," बाबा म्हणाले होते. "गाडी गप्प झाली की मागचं माणूस विसरायला होतं."

टायरच्या दुकानात, रबराच्या त्या उग्र वासात उभं राहून ते हे म्हणाले, आणि मी "हो बाबा" म्हणून पुढच्या टायरकडे वळले. औषधाच्या खोक्यात आठ घड्या घातलेलं, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांचं पत्रक असतं ना, ते छापायला जाण्याआधी तपासणं ही माझी नोकरी. दिवसभर मी इशारे वाचते. एकेक स्वल्पविराम जागेवर आहे की नाही ते बघते. आणि मला तोंडावर दिलेला इशारा मात्र बाहीवरची धूळ झटकावी तसा झटकला.

बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची एक सवय गेलेली नाही. फेरी संपली की इंजिन बंद करून ते लगेच उतरायचे नाहीत; प्रत्येक सीटच्या दांडीला हात लावत शेवटच्या सीटपर्यंत जायचे, तसेच परत यायचे, मगच पाय खाली. आता आमच्या एवढ्याशा गाडीतून उतरले तरी मागचं दार उघडून रिकाम्या सीटवर हात फिरवतात. नवरा चिडवतो, "बाबा, लिफ्टमध्येही बघत जा, कुणी राहिलं असेल."

"बघतोच," बाबा म्हणतात.

आमच्या गाडीचे टायर झिजले होते, ते बदलायचेच होते. पण मला हवे होते आवाज न करणारे टायर, आणि त्याचं कारण मागच्या सीटवर होतं. मुंगी. आमची सात महिन्यांची लेक. तिची सीट मागे तोंड करून बसवलेली, त्यामुळे आरशात मला तिचा चेहरा दिसायचा नाही, टोपीचा गोंडा तेवढा दिसायचा. आणि जुने टायर असे घोंगावायचे की वेग जरा वाढला की गाडीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. त्या घोंघाटात तिचा श्वास ऐकू येत नसे. ज्या आईला मुलाचा श्वास ऐकू येत नाही ती काय काय ऐकते, ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून मी बोलत राहायचे. मोठ्याने, गिरणीच्या वरचा आवाज लावून. "मुंगे, लाल सिग्नल! मुंगे, तो बघ, पाण्याचा टँकर! मुंगे, आहेस ना?" मागून "अं" आलं की पुढचा चौक येईपर्यंत माझा जीव भांड्यात.

रोज तिला पाळणाघरात नवराच सोडायचा. त्याच्या कामाच्या वाटेवरच आहे, छातीशी बांधून चालत न्यायचा. मंगळवारी मात्र त्याची पहाटेची पाळी. त्यामुळे मंगळवार माझा. बाकीचे दिवस मी एकटीच गाडीने ऑफिसला जायचे.

टायर निवडायला मी तीन आठवडे घेतले. फ्रिजवर तक्ता लावला. कुठल्या टायरवर किती डेसिबल लिहिलंय, नक्षी कशी, रबर मऊ की कडक. नवरा पाण्याची बाटली काढताना वाचायचा आणि म्हणायचा, "आज कोण पुढे आहे?"

टायरवाले काका जाड भिंगाचा चष्मा कपाळावर ढकलून बोलायचे. टायरला टायर म्हणतच नसत.

"हा गडी रांगडा आहे, ताई. खड्डे पचवेल, पण दिवसभर गाणं म्हणेल. हा गरीब. पावसात पकड सोडणार नाही, आवाजही बेताचा. पण मऊ आहे, झिजेल लवकर."

"कितव्या आठवड्यात बनलाय?" मी त्याच्या कडेवरचे चार आकडे शोधत विचारलं.

"टायर घेताय की जावई शोधताय?"

बाबा मुंगीला खांद्यावर घेऊन उभे होते, ते खुदकन हसले. मग काकांनी तिसरा टायर माझ्यासमोर आडवा केला आणि त्याच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "हे ठोकळे बघा. एका मापाचे नाहीत. एक लहान, एक मोठा, एक मधलाच. सगळे सारखे असले की रस्त्यावर एकाच सुरात आपटतात आणि तो सूर घुमतो. असे कमीजास्त ठेवले की आवाज विखरतो. शिवाय ह्याच्या पोटात फोम चिकटवलाय. आतला घुमारा तो गिळून टाकतो."

"म्हणजे आवाज असतोच?"

"असतो की. फक्त ओळखू येत नाही."

मला ते फार आवडलं. मी वाकून टायरला कान लावला. आत, काळ्या वर्तुळात, शंखात असते तशी दूरची हवा होती. तेव्हाच बाबा ते बोलले, गाडी गप्प करू नकोस म्हणून. आणि मी काकांना म्हटलं, "हेच. चारही."

त्या संध्याकाळी घरी येताना मला हसूच फुटलं. रस्ता चाकांखाली विरघळत होता. झाडं, दिव्यांचे खांब, दुकानांच्या पाट्या पाण्याखालून मागे सरकल्यासारख्या सरकत होत्या. इंडिकेटरची टिकटिक एवढी स्पष्ट, की कुणीतरी जिभेने टाळूवर वाजवतंय असं वाटावं. आणि मग मागून तो आला. मुंगीचा श्वास. नाकातली बारीक शीळ, मध्येच एक उसासा, उसाशानंतर गिळल्याचा आवाज. मी गाडी कडेला घेतली आणि दोन मिनिटं नुसती ऐकत बसले. बाबा शेजारी बसून समोर बघत होते.

"ऐकलंत?" मी कुजबुजले.

"ऐकलं," ते म्हणाले. तेही कुजबुजले.

तेव्हापासून मी गाडीत बोलणं बंद केलं. कशाला बोलायचं? ती झोपलेली असायची, श्वास ऐकू यायचा, आणि माझ्या "मुंगे, टँकर!"ने उठली असती. पहिला मंगळवार असा गेला. दुसराही. तो श्वास हळूहळू गाडीच्याच आवाजांत मिसळला; एसीची झुळूक, काचेवरच्या वायपरची सरसर, श्वास. लहान, मोठा, मधलाच. कुठला कुणाचा, ते वेगळं काढायची गरज उरली नाही.

तिसऱ्या मंगळवारी आदल्या रात्रीची झोप अपुरी होती आणि डोक्यात एका खोकल्याच्या औषधाचं पत्रक होतं. त्यात "दिवसातून दोन वेळा" आणि "दर दोन तासांनी" अशा दोन गोष्टी दोन जागी छापल्या होत्या आणि खरी कोणती, ते त्या दिवशी दहाच्या आत कळवायचं होतं. सकाळी धुकं होतं. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे त्यात पेटत विझत होते. मला आठवतं, मी ढगातून चाललेय असं वाटत होतं, आणि कुणीतरी मला अलगद हातावर घेऊन नेतंय असंही. पाळणाघराचं डावं वळण आलं. मी ते पाहिलं. त्याची निळी कमान पाहिली. छान आहे निळा, असं वाटलं. आणि सरळ गेले, इतर चार दिवस जाते तशी.

तळघरातलं पार्किंग, पावती, जिना. तिसरा मजला. टेबलाशी बसून मी पत्रक उघडलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. पहिली ओळ वाचत असतानाच छाती दाटून आली आणि कुडत्याला ओल लागली. पान्हा फुटला होता. म्हणजे मुंगीची भुकेची वेळ. मी खुर्चीत मागे टेकले आणि अगदी शांतपणे विचार केला, आता पाळणाघरातल्या ताई तिला बाटली देत असतील.

आणि माझी नजर टेबलाच्या पायाशी गेली. माझ्या पिशवीला टेकून तिची पिशवी उभी होती. पिवळी, बदकांची. वर बाटलीचं झाकण दिसत होतं. ती पिशवी पाळणाघरात असायला हवी होती. मीच ती गाडीतून, पुढच्या सीटवरून उचलून, खांद्याला लावून तीन मजले चढून आणली होती.

जिन्यावर मी किती वेळा पडले ते मला ठाऊक नाही. गुडघे नंतर दुखले. पावतीवर आठ छप्पन्न होते. मी मागचं दार उघडलं तेव्हा नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

मुंगी जागी होती. रडत नव्हती. टोपी घामाने कपाळाला चिकटली होती आणि ती खिडकीच्या काचेतून तळघराच्या छतावरची ट्यूबलाईट बघत होती. मी दिसले तेव्हा तिने "अं" केलं. जणू मी बऱ्याच वेळापूर्वी काही विचारलं होतं आणि तिला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

मी मागच्याच सीटवर बसून तिला पाजलं. दार सताड उघडं. मग बाबांना फोन केला. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "तिथेच थांब. गाडी चालवू नकोस." बस पकडून पाऊण तासात आले. मी वाट बघत होते की ते म्हणतील, सांगितलं होतं ना. त्यांनी मुंगीचे तळवे चोळले, मला पाणी पाजलं आणि पुढच्या सीटवर पाठमोरे बसले.

"आमच्याकडे नवीन बस आल्या होत्या," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "इंजिन मागे. पुढे काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आम्ही खूश. पहिल्याच आठवड्यात दुपारी फेरी संपवून डेपोत लावली, कुलूप घातलं, जेवायला गेलो. परत आलो चार वाजता. शेवटच्या सीटवर एक म्हातारी बसलेली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. तीन तास. ओठ वाळलेले. मला म्हणाली, मला वाटलंच, तुम्ही येताय."

मी मुंगीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"शिव्या घालायला हव्या होत्या तिने," बाबा म्हणाले. "घातल्या नाहीत. म्हणून मग मी रोज जायला लागलो, शेवटच्या सीटपर्यंत."

"बाबा, मी आई आहे हो तिची."

"मीही ड्रायव्हर होतो. म्हणून तर विसरलो. नवख्याने दहादा बघितलं असतं." मग एकदम आवाज बदलून, "चल, उतर."

"कुठे?"

"पुढे बस. दार लाव. इंजिन बंद केलंस असं समज. आता उतर. मागचं दार उघड. हात लाव सीटला. लावलास? परत."

त्या तळघरात त्यांनी मला सहा वेळा बसवलं आणि उतरवलं. रखवालदार बघत होता. चौथ्या वेळी मी नुसतं डोकावले तर म्हणाले, "डोळ्यांचं काही खरं नसतं. हात." मुंगी त्यांच्या कडेवरून हा खेळ बघून हसायला लागली, आणि मग मला रडू आलं, तेव्हा कुठे आलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो तसाच उठला. चपला घालून खाली गेला. गॅलरीतून पाहिलं तर रिकाम्या गाडीचं मागचं दार उघडून, आत हात टेकवून उभा होता. वर आल्यावर म्हणाला, "मंगळवारची पाळी बदलून मागतो."

"नको," मी म्हटलं. "मंगळवार माझा राहू दे."

टायर तेच आहेत. शांत, पोटात फोम असलेले, घुमारा गिळून टाकणारे. त्यांच्यावर राग नाही. पण मी आता पुन्हा बोलते. मोठ्याने. "मुंगे, निळी कमान आली! मुंगे, आहेस ना?" ती झोपलेली असली तर उठते, चिडते, नाक फेंदारते. उठू दे. बाबा दर मंगळवारी नऊला फोन करतात आणि हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, विचारतात, "हात लावलास?" "लावला," मी म्हणते. फोन बंद. एका सकाळी फोन आला नाही तेव्हा मीच केला. ते आंघोळीला गेले होते. पण मी केला.

आणि आता तुम्ही. इतका वेळ तुम्ही शांत बसून हे वाचताय, म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी तेवढाच वेळ गप्प आहे. पाळण्यात असेल, शेजारच्या खोलीत कॉटवर असेल, नाहीतर खाली उभ्या केलेल्या गाडीत. तुम्हाला वाटत असेल, ठीकच असणार, काही आवाज नाही. मलाही तसंच वाटलं होतं. हे पान उपडं ठेवा आणि उठा. नुसतं दारातून डोकावू नका. जवळ जा, हात लावून बघा.