दोरिवाल्दोची बोटं

दोरिवाल्दोसारखा आर्माडिलो पकडणारा आमच्या तापाजोस नदीकाठी दुसरा नव्हता. बायको म्हणून नाही सांगत, सगळे म्हणायचे. रबराच्या झाडांमागच्या रानात या कवचवाल्या जनावराची बिळं ढीगभर, त्यातली निम्मी ओस. हा पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, माती चाचपायचा आणि म्हणायचा, "आहे आत. ऊब लागतेय."

आर्माडिलो बिळात पाठ फुगवतो, कवच छताला घट्ट टेकवतो. मग शेपूट धरून दोन गड्यांनी ओढलं तरी हलत नाही. दोरिवाल्दो ओढायचाच नाही. पोटाखालच्या मऊ, केसाळ कातडीवर नुसती बोटं फिरवायचा. जनावर अंग चोरायचं आणि पकड सुटायची.

"गुदगुल्या करतो त्याला," तो हसायचा. "तुझ्यासारखंच चिडतं."

साफ मीच करायचे, आणि कवचातच भाजायचे.

एका सकाळी आम्ही कसाव्याच्या कंदाचं पीठ भाजत होतो. जळक्या मांसाचा वास आला. बघते तर दोरिवाल्दोचा तळहात तापलेल्या कढईच्या काठावर, आणि तो मला फुटबॉलची मॅच सांगतोय.

"अरे, हात! हात काढ!"

"ओरडतेस काय?" म्हणाला. मग त्यानं खाली पाहिलं.

दवाखान्याच्या बोटीवर एदिलेउझा नावाची नर्स होती. तिनं त्याच्या पाठीवरचा फिकट डाग सुईनं टोचला.

"दुखलं का?"

"आधी टोचा तरी, बाई."

तिनं तीनदा टोचलं होतं.

कुष्ठरोग. वर्षभर गोळ्या. "आर्माडिलो खाता?" तिनं विचारलं. "त्यांच्यातल्या काहींना हा रोग असतो. तुम्हाला तिथूनच झाला असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आता शिवू नका."

घरी येऊन मी रडले. "कापायचे मी, खाल्लं मीही. मग मला का नाही झाला?"

"तुला झाला असता तर स्वयंपाक मला करावा लागला असता," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

त्याची सख्खी बहीण झुल्मिरा कॉफीला येताना स्वतःचा पेला घेऊन यायला लागली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "उद्या खुर्चीही घेऊन ये गं." ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. नंतरही नाही.

गोळ्या संपल्या. एदिलेउझा म्हणाली, रोग गेला, पण मेलेल्या नसा परत यायच्या नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं ते वळलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो न सांगता रानाकडे निघाला. मी मागोमाग गेले. एका बिळाच्या तोंडाशी ताजी माती होती, डास घोंगावत होते. तो पालथा पडला, हात आत घातला. बराच वेळ तसाच राहिला.

"लुसिनेते," तो म्हणाला, "तू बघ बरं."

शिवायचं नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्याच्या हाताला लागून माझा हात आत सरकवला. माती उबदार होती. पुढे काहीतरी वळवळलं.

"पिल्लं आहेत," मी म्हटलं. "चार."

"चारच असतात. सगळी एकसारखी, नखाचासुद्धा फरक नाही." मग त्यानं विचारलं, "कवच अजून मऊ असेल ना? ओल्या चामड्यासारखं?"

"हो."

त्याचा तळहात त्यांच्यावरच होता. पिल्लं त्याखालीच हलत होती. मी ते बोलले नाही.

"राहू देत," म्हणून त्यानं हात बाहेर काढला. ओढ्यावर धुतला आणि माझ्यापुढे धरला. कुठे लागलं, खरचटलं, हे आता मलाच बघावं लागतं. अंगठ्याखाली एक काटा खोल गेला होता. मी तो काढेपर्यंत तो झाडांकडे बघत उभा होता.