पट्टीवरचं मतदान

त्यांच्या घरात सगळं मतदानाने ठरायचं. पडद्यांचा रंग, पंख्याचा वेग, सुट्टीतलं गाव, सगळं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला. लोकशाहीवर त्याची भारी श्रद्धा, विशेषतः निकाल आधीच ठाऊक असला की. त्यामुळे पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर बायको पोटावर लावायची ती हार्मोनची पट्टी ठेवायची की काढायची, हा प्रश्नही जेवणाच्या टेबलावर मताला आला.

"पाच वर्षं झाली. आता बंद कर. पाळी जाणं नैसर्गिक आहे," असं म्हणून नवऱ्याने रक्तदाबाची गोळी गिळली.

"आमच्या वेळी कुठे होती असली थेरं? आम्ही सोसलंच ना!" थोरल्या नणंदेने सोसल्याचा हात वर केला. मुलाने फोनमधून मान न काढताच हात वर केला. विषय काय होता, हे त्याने नंतर विचारलं.

पट्टी निघाली, तिच्या जोडीला घ्यायची हार्मोनची गोळीही बंद झाली. थोड्याच दिवसांत घामाच्या धारा परतल्या आणि झोपेने काढता पाय घेतला. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. कापडाचे थर रचायचे आणि त्यावर यंत्र एकदाच फिरवायचं, तिथे डुलकीला जागा नाही. मखमलीची लव सगळ्या थरांत एकाच दिशेला हवी, हे तिनेच पोरींना शिकवलेलं. आणि तिनेच अर्धे थर उलटे घातले. अख्खा गठ्ठा वाया गेला.

"बाई, थोडे दिवस बटणांकडे बसा," मालक फार गोड आवाजात म्हणाले. ती मोरीत जाऊन ढसाढसा रडली. कटिंगचं ते टेबल तिने उमेदीची वर्षं घालून मिळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"कुणी बंद केली?"

"घरच्यांनी. बहुमताने."

"त्यांच्यापैकी कुणाला घाम येत होता?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, पाच वर्षांनी थांबायलाच हवं असा नियम नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. तुमच्या बाबतीत किती, ते सांगते. मग तुम्ही ठरवा. दरवर्षी पुन्हा तपासू. थांबायचं ठरलंच, तर हळूहळू कमी करू."

'तुम्ही ठरवा' हे इतक्या वर्षांत कुणी म्हटलंच नव्हतं. मग तिने खोदून खोदून प्रश्न विचारले आणि ठरवलं.

"पट्टी परत लावली आहे," तिने संध्याकाळी सांगितलं.

"अगं, पण ठराव झाला होता ना!" नवरा उखडला. नणंदेचा हात सवयीने वर जाऊ लागला.

"ताई, हात खाली घ्या. माझ्या पोटावर तुम्हाला मताचा हक्क नाही."

मुलाने फोन बाजूला ठेवला.

"उद्या मी मालकांकडे माझं टेबल परत मागणार आहे," ती म्हणाली. "मखमल कुणी नासवली असं त्यांनी विचारलं, तर तिघांचीही नावं सांगेन."