जे नाव सुनेने घेतले नाही

ही हकिगत १९३८ सालची. मी एक जुना पाटा आहे, ज्वारी दळायचा. डर्बनच्या पलीकडे, तुगेला नदीच्या उत्तरेला एका टेकडीवर मात्शेनी नावाच्या माणसाचे घर होते. त्यानेच मला नदीच्या पात्रातून उचलून आणले, टाकी मारून मारून माझी पाठ खरखरीत केली आणि बायकांच्या झोपडीबाहेर ठेवले. माझे पीठ सगळ्यांत मऊ निघते, असे आल्यागेल्या बायका म्हणत. तेव्हा मला बरे वाटे.

मित्रांनो, मला दोन नावे होती. पुरुष आणि मुले मला सरळ दगड म्हणत. बायका मात्र ‘बसका’ म्हणत. आमच्याकडे दगडाला जो शब्द आहे, तोच मात्शेनीच्या नावात येतो. बायकोने नवऱ्याचे आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि त्या नावाचा आवाज ज्यात येतो असा कोणताही शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. गवताच्या नावात तो ‘त्श’ आवाज आहे, ज्वारीच्या दारूच्या नावातही आहे. म्हणून आमच्या घरच्या बायका गवताला ‘गुरांचं’ म्हणत आणि दारूला ‘आंबलेली’. शेजारच्या घरात सासरा वेगळा, त्यामुळे तिथल्या बायकांचे टाळायचे शब्दही वेगळे. आमच्या घरच्या पुरुषांना असे काही शिकावे लागताना मी कधी पाहिले नाही. एकाच अंगणात दोन प्रकारची बोली कशी नांदते, याचे मला फार कुतूहल वाटे.

थोरली सून ह्लेकीवे आली, तेव्हा तिला हे सगळे माझ्यापाशी बसून शिकवले गेले. तिची सासू मासिबिया दळता दळता एकेका वस्तूकडे बोट दाखवी आणि ह्लेकीवे नवा शब्द म्हणे. चुकली की मासिबिया तिच्या मनगटावर हलकेच टिचकी मारी. हे शब्द कुणी केले, असे तिने एकदा विचारले. काही मी केले, काही शेजारणींकडून आणले, असे सासू म्हणाली. मग पीठ गोळा करत पुढे म्हणाली, “पुरुष एकदाच बोलायला शिकतात, पोरी. आपल्याला दोनदा शिकावं लागतं.”

मात्शेनीही सुनेशी थेट बोलत नसे. त्याने ओढ्याकाठच्या शेताची हद्द आखली, तेव्हा दगड वाहून न्यायला ह्लेकीवेच होती. ती डोके झाकून टोपली खाली ठेवी आणि दूर जाऊन उभी राही. मग तो आपल्या कुत्र्याला सांगे, “अरे, अजून दोन लागतील बरं का.” त्या संध्याकाळी दळताना सासूला हे सांगून ती पोट धरधरून हसली होती.

पुढच्या हिवाळ्यात मात्शेनी वारला. ह्लेकीवेचा नवरा मफुंगेल्वा जोहान्सबर्गच्या खाणीत होता. नांगरणी आली तशी शेजारच्या सिग्वीलीने हद्दीवरचे दगड काढून फेकले आणि ओढ्याकाठचे शेत आपलेच असल्याचे सांगू लागला. म्हाताऱ्याने ते नुसते कसायला मागून घेतले होते, असे त्याचे म्हणणे. आमची सगळी ज्वारी त्या शेतातली. ते गेले असते तर घरातल्या सात तोंडांना खायला काय मिळणार होते?

तंटा ऐकायला इंदुना, म्हणजे भागाचा मुखिया, आमच्या अंगणात आला. त्याच्याबरोबर कचेरीचा तरुण लेखनिक होता, शहरात वाढलेला. पुरुष गोठ्याच्या बाजूला बसले, बायका माझ्या बाजूला. साक्षीला ह्लेकीवे एकटीच उभी राहिली.

हद्दीला काय लावले होते, असे लेखनिकाने विचारले. ती म्हणाली, “बसके.”

“बसके कोण? माणसं बसली होती का?”

“बेडूक बसले असतील,” सिग्वीली म्हणाला. “ओढ्याकाठचं शेत ना ते.”

पुरुष हसले. ह्लेकीवेने वाकून माझ्यावर हात आपटला. “असे. याच्याहून लहान. चौदा.”

लेखनिकाने लिहून घेतले आणि विचारले, ते लावले कुणी? घरच्या मोठ्यांनी, ती म्हणाली. मोठे म्हणजे कोण? मफुंगेल्वाचे वडील. कचेरीच्या कागदाला माणसाचे स्वतःचे नाव लागते, तो म्हणाला, आणि ते साक्षीदारानेच सांगायला हवे. इंदुनाला रीत ठाऊक होती, पण त्याने कागदाकडेच बोट दाखवले.

“नाव येत नाही, कारण तिनं काही पाहिलंच नाही,” सिग्वीली म्हणाला.

मासिबियाने मान खाली घातली. नाव घेतले तर सुनेने पूर्वजांचा अपमान केला, असे सगळे म्हणणार. पुढे घरात कुणाला साधा ताप आला तरी बोट तिच्याकडेच जाणार. नाव नाही घेतले तर शेत जाणार. ह्लेकीवेचा तळवा अजून माझ्यावर होता.

मग ती वळली. बायकांमध्ये सिग्वीलीची आई माम्बाथा तपकीर ओढत बसली होती.

“आई,” ह्लेकीवे तिला म्हणाली, “माझ्या तोंडाला बंदी आहे. तुमच्या नाही. ते तुमचे सासरे नव्हते. बसके लावले त्या दिवशी तुम्ही पलीकडच्या वावरात खुरपत होतात.”

माम्बाथाने तपकिरीची डबी बंद केली. मुलाने तिच्याकडे पाहिले, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

“मात्शेनी,” ती म्हणाली. “लिही. मात्शेनीनं लावले. चौदा दगड. मी पाहिले.” मग मुलाकडे वळून म्हणाली, “तुझ्या सुना तुझं नाव घ्यायच्या नाहीत. निदान शेजाऱ्यांनी तरी ते चांगल्या तोंडानं घ्यावं, असं वाग.”

लेखनिकाने नाव लिहून घेतले. शेत आमचेच राहिले.

सिग्वीली दोन पावसाळे आईशी बोलला नाही. ती आजारी पडली तेव्हा मात्र त्यानेच तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. ती त्यातून उठली नाही. मासिबिया त्यानंतर नऊ वर्षे जगली. मफुंगेल्वा खाणीतून खोकला घेऊन परतला आणि लवकर गेला. लेखनिक पुढे शाळेत मास्तर झाला, असे ऐकले. मग दुकानात पिशवीतले पीठ आले आणि माझ्याकडे कुणी फिरकेनासे झाले. आता माझ्या खोलगट पाठीत पावसाचे पाणी साचते आणि कोंबड्या ते पितात.

ह्लेकीवे म्हातारी झाली. तिची नात डर्बनला शिकते. एका सुट्टीत ती वही घेऊन माझ्याशेजारी बसली आणि आजीचे सगळे शब्द तिने लिहून घेतले: बसका, गुरांचं, आंबलेली आणि आणखी कितीतरी. प्रत्येक शब्द कशाच्या जागी वापरायचा, तेही लिहिले. शेवटी तिने विचारले, हे सगळे ज्या नावासाठी केले ते एकदा तुझ्या तोंडून सांग ना. ह्लेकीवेने डोक्यावरचे फडके सारखे केले, उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. ते नाव न घेताच ती त्या वर्षी वारली. नातीला ते नाव ठाऊक होते, पण तिने वहीत त्या नावाची ओळ कोरी ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात आई-आजी एखादा शब्द टाळून दुसराच वापरत असतील. त्यांना हसू नका, त्यांच्यापाशी बसून विचारा. आणि अशी एखादी वही कधी तुमच्या हाती आली तर ती जपा. तिच्यातली कोरी ओळ कुणाला भरू देऊ नका.