कुमुदिनी नाबरच्या घरातल्या बायका

पहिल्या नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या नाटकात कुमुदिनी नाबरने केलेली धाकटी सून तिच्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होती. चेहरा कुमुदिनीचाच, पदर मात्र डोक्यावर. साखर कमी घाल, एवढं सांगून कुमुदिनी तालमीला निघून गेली.

पुढे हे नेमाचंच झालं. भूमिका संपली की ती बाई घरी राहायला यायची. वकीलीण आली, वेडसर राणी आली. पार्ल्याचा दोन खोल्यांचा ब्लॉक लांबत गेला. राणीच्या खोलीपर्यंत हाक पोचेनाशी झाली. शेजाऱ्यांची तक्रार फक्त पाण्याबद्दल होती. नवरा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर आला की तो आधी नाव विचारून मगच बोलायचा.

मुलगी रेवा शाळेत जायला लागली त्या वर्षी कुमुदिनीने सिनेमात सरूबाई केली. गोवराने फणफणलेल्या लेकीच्या उशाशी बसून राहणारी आई. शूटिंग कोल्हापूरला होतं. तिथेच निरोप आला की रेवाला गोवर निघालाय. कुमुदिनीने तो शॉट आणखी चांगला दिला. त्या भूमिकेला दिल्लीचा पुरस्कार मिळाला. तो घेऊन ती घरी आली तेव्हा सरूबाई रेवाची वेणी घालत होती.

घरातली बाई कुमुदिनीला पहिल्यांदाच खटकली. तिने दौरे सोडले. रेवाचा अभ्यास घ्यायला बसू लागली. रेवा विचारलं तेवढंच सांगायची, पाहुण्यांना सांगावं तसं. शेवटी एका दुपारी कुमुदिनीने सरूबाईला घर सोडायला सांगितलं.

“जाते की,” सरूबाई म्हणाली. “तिला डब्यात काय चालत नाही, ते सांगून ठेवू?”

तेवढ्यात आतून “आई” अशी हाक आली. दोघींनी ओ दिली. रेवा दारात येऊन उभी राहिली.

“तुम्ही नाही, ताई,” ती कुमुदिनीला म्हणाली.

त्यानंतर कुमुदिनीने येईल ती भूमिका घेतली. खूप नाव झालं. सरूबाईचे केस घरातच पांढरे झाले.

रेवाच्या लग्नात कन्यादानासाठी सरूबाईच शालू नेसून उभी होती. कुमुदिनीला कुणीतरी मोठ्या आदराने पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमचं एकही काम आम्ही चुकवलेलं नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला. अक्षता टाकायला कुमुदिनीने हात उचलले, ते टाळ्या वाजवू लागले. सनई थांबली, लोक जेवायला उठले. रेवा आणि सरूबाई हातात हात घालून पुढे आल्या आणि तिच्यासमोर कमरेत वाकल्या. कुमुदिनीच्या तळव्यांत तांदळाचं पीठ होत होतं, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.