गंगव्वाची कसुती माझ्या पोटात होती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. धारवाडच्या बाजारात शरणप्पांच्या साड्यांच्या दुकानात, मागच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसून आहे. माझा आवाज फार, वेग बेताचा. तरी माझ्याइतकं श्रीमंत पोट अख्ख्या बाजारात कुणाचं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

शरणप्पांची बायको गंगव्वा. इरकल साडीवर सुईनं गोपुरं, रथ, पोपट भरतात ना, ती कसुती कागदावर कुणी उतरवून ठेवत नसे. ती असायची म्हाताऱ्यांच्या लुगड्यांवर. गंगव्वा घरोघर जाई, पदर मांडीवर घेऊन टाका न् टाका मोजी, आणि परत आल्यावर कसुतीच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन चौकोन करून माझ्यात भरून ठेवी. असे दोनशे बारा नमुने झाले. पुढे त्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, लुगडी बोहारणीकडे गेली. मग गंगव्वाची नजरही गेली. आता तिला समोरचं माणूसही धूसर दिसतं. "काळजी कसली?" माझ्यावरची धूळ पदरानं पुसत ती म्हणायची. "याच्या पोटात सगळं आहे. पोरी शिकतील."

यंदा आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी शरणप्पांनी दुकान झाडलं, कात्र्या घासल्या आणि मलाही साफ करायला घेतलं. माझ्या डिस्कचा पहिला कप्पा तुडुंब भरलेला, दुसरा रिकामा. त्यांनी गंगव्वाच्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या कप्प्यात टाकायला सुरुवात केली. ते सॉफ्टवेअर आपलं सामान जुन्या पत्त्यावरच शोधतं, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं. मी आपला घरघरत ओझी वाहत होतो.

एवढ्यात गंगव्वा आली.

"अहो, मुहूर्त टळतोय! चालत्या यंत्राला कुणी कुंकू लावतं का?"

"थोडं थांब गं."

"देवापुढं कसलं थोडं नि फार? बंद करा म्हणते ना!"

शरणप्पांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. मला हार घातला, लिंबू ठेवलं, दारात कोहळा फोडला. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. आणि माझं थोडंसं सामान त्या कप्प्यात पोचलेलं, बरंचसं याच कप्प्यात, काही तर मधल्या मध्ये तुटून पडलेलं.

दसऱ्याला मला सुरू केलं. दुसऱ्या कप्प्यात फोल्डर दिसताच, "आलं सगळं," म्हणून शरणप्पांनी पहिल्यातलं उरलंसुरलं पुसलं. सणाचा केर घरात ठेवू नये, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग सॉफ्टवेअर उघडलं, तर ते म्हणे, नमुने सापडत नाहीत. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस डोकेफोड केली. एकोणीस निघाले.

त्यानंतर शिकायला पोरी आल्या. गंगव्वा माझ्याशेजारी येऊन बसली.

"अहो, निंगव्वाच्या लुगड्यावरचा रथ काढा."

"रथ नाही, गंगव्वा."

"बरं, मग पोपट काढा."

शरणप्पांना हुंदका आवरेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग गंगव्वा हळूच म्हणाली, "बंद करा असं मीच म्हटलं होतं, नाही का?"

"तुझा काय दोष गं? घाई मी केली."

तिनं चाचपडत माझ्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, संगणकातलं घर हलवायचं असेल तर आधी सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवा. सॉफ्टवेअरचं सामान जिथं आहे तिथंच राहू द्या. आपली कागदपत्रं, चित्रं तेवढी हलवा, तीही नुसती उचलून टाकू नका. त्या फोल्डरच्या माहितीत, म्हणजे 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'लोकेशन'खाली नवा पत्ता नोंदवा, म्हणजे शोधणाऱ्याला घर सापडतं. आणि सगळं नीट उघडतंय हे पाहिल्याशिवाय जुनं काही पुसू नका.

मला वाचा असती तर त्या सकाळी मी एवढंच म्हटलं असतं, "गंगव्वा, जरा थांब." देव थांबला असता.